बब्रुवान काकांच्या नावापुढची खूण

माझी नोकरी नेमकी काय आहे, हे माझ्या नातेवाइकांना बावीस वर्षांत कळलेलं नाही. "संगणकाचं काहीतरी बघते" इथपर्यंत सगळे पोचतात. आता तर सांगणं आणखीच अवघड झालंय, कारण अलीकडे मी लोकांच्या टेबलावरचे संगणक उचलून नेण्याचंच काम केलं. त्या जागी डब्याच्या झाकणाएवढी एक काळी डबी ठेवायची, ती पडद्याला जोडायची आणि जुना संगणक टेम्पोत घालायचा. लोक माझ्याकडे जप्तीला आलेल्या बाईकडे बघावं तसं बघायचे.

आमची कंपनी बियाण्याची आहे. मुख्य कार्यालय नांदेडला, सोयाबीनचं बियाणं साफ करून पिशव्यांत भरण्याचा प्लांट लातूरच्या एमआयडीसीत, गोदाम अर्धापूरला, खरेदीचं छोटं कार्यालय मुरुडला. संगणकाच्या दृष्टीनं बियाण्याचा प्लांट म्हणजे वाईट सासर. माझ्या वहीत बंद पडलेल्या संगणकांसाठी वेगळं पान होतं आणि प्रत्येकासमोर कारण लिहिलेलं होतं. बहुतेकांपुढे धूळ. बियाण्याला लावायच्या औषधाची लाल भुकटी दोघांच्या पोटात गेली. एकात पाल शिरली, पाल आणि संगणक दोघंही गेले. एकात उंदरानं संसार थाटला होता, तो सापडला तेव्हा पिलांसकट चालू अवस्थेत होता. संगणक मात्र बंद.

म्हणून व्हर्च्युअल डेस्कटॉप आणायचं ठरलं. नाव जड आहे, गोष्ट सोपी आहे. तुमचा संगणक तुमच्यासमोर नसतोच. तो नांदेडला थंड खोलीतल्या एका मोठ्या यंत्रात असतो. तुमच्या टेबलावर फक्त त्याचं चित्र येतं. तुम्ही इथं कळ दाबता, काम तिथं होतं. डबी धुळीनं मेली तर दुसरी लावायची, कागदपत्रं सगळी सुखरूप. लातूरच्या बैठकीत मी हे समजावताना म्हटलं, की आधी प्रत्येकाच्या घरी आपापला बोअर होता, आता टाकी एक आणि घरोघरी नळ. मागून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "मॅडम, आमच्याकडं नळाला आठ दिसांनी पाणी येतंय." त्यानंतर लातूरमध्ये मी नळाचं उदाहरण दिलं नाही.

अर्धापूरच्या गोदामातल्या व्यवस्थापकांची अडचण वेगळीच होती. खंडेनवमीला ते यंत्रांबरोबर संगणकाचीही पूजा करत. डबी आल्यावर पहिल्याच वर्षी त्यांचा फोन आला की आता पूजा कशाची करायची, डबीची की पडद्याची? मी सरळपणे सांगितलं की खरा संगणक नांदेडला आहे. मला वाटलं विषय संपला. दसऱ्यानंतर कार्यालय उघडलं तेव्हा अर्धापूरहून एक नारळ, हळदकुंकवाची पुडी आणि केळीचा घड येऊन पडला होता. सोबत चिठ्ठी, "मूळ यंत्रास." मी केळी वाटली, नारळ फोडला आणि हळदकुंकू थंड खोलीच्या दाराला लावलं. आत न्यायची परवानगी मीच कुणाला देत नव्हते.

हे सगळं गमतीचं. पण या कामात एक गोष्ट बदलते ती आम्ही कुणी आधी नीट लक्षात घेतली नाही. जुना संगणक टेबलाचा असायचा. खिडकीजवळचा, दाराजवळचा, डिस्पॅचचा. ज्याला गरज तो त्यावर बसे. पासवर्ड पडद्याच्या कडेला चिकटवलेला. नवा डेस्कटॉप टेबलाचा नसतो, माणसाचा असतो. तो तुमच्या नावानं उघडतो, उघडताना तुमच्याच फोनवर आकडा येतो, आणि कोणी, कुठल्या डबीवरून, किती वाजता काम केलं याची नोंद आपोआप राहते. ती नोंद दर सोमवारी माझ्याकडे येत होती. नोंदी मला आवडतात. माझ्या घरी फ्रिजच्या दारावर सुद्धा तारखेसह यादी असते.

लातूरच्या प्लांटवर एकोणतीस माणसं होती. एका दिवसात सगळ्यांना शिकवायचं, संध्याकाळपर्यंत यादी पुरी करायची आणि नांदेडची गाडी धरायची, असं माझं नियोजन होतं. यादी पुरी झाली. एकोणतीस नावं, प्रत्येकापुढे बरोबरची खूण. सतरावं नाव बब्रुवान काकांचं.

बब्रुवान काका म्हणजे तिथल्या प्रयोगशाळेतले सहायक. मुरुडजवळच्या खेड्यातले, घरची थोडी शेती, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. त्यांचं काम बियाण्याची उगवण तपासायचं. प्रत्येक लॉटमधून चारशे दाणे घ्यायचे, शंभर-शंभर ओल्या कागदात मांडून गुंडाळी करायची, आणि आठव्या दिवशी गुंडाळी उलगडून किती धडधाकट कोंब आले ते मोजायचं. शंभरात सत्तर आले तर सोयाबीनचा लॉट पास. त्याखाली गेला तर एकही पिशवी फाटकाबाहेर जात नाही. पेरणीनंतर शेतकऱ्याच्या रानात काय उगवेल हे त्या ओल्या कागदावर आधी कळतं. काकांच्या डोळ्याला पोसलेला आणि न पोसलेला कोंब लांबून ओळखू यायचा. सोयाबीनच्या दाण्याचं साल नाजूक असतं, पोतं उंचावरून टाकलं की दाणा आतून दुखावतो. मूठभर दाणे बोटांत चोळून, हे पोतं हमालानं टाकलंय की ठेवलंय, हे ते सांगत.

मोजलेला आकडा संगणकात भरायचा, तेही त्यांचंच काम. निदान कागदावर तरी.

एप्रिलमधल्या एका सोमवारच्या नोंदीत मला लातूरची एक ओळ खटकली. प्रयोगशाळेतली डबी आल्यापासून एकदाही चालू झालेली नव्हती. तरी उगवणीचे सगळे आकडे काकांच्या नावानं नेमानं भरले जात होते. भरले जात होते ते डिस्पॅचच्या टेबलावरून. म्हणजे जिथून माल बाहेर पाठवायचा, तिथूनच माल चांगला असल्याचे आकडे येत होते. माझा नियम होता की खटकलेली ओळ लाल करायची आणि वर पाठवायची. मी ती लाल केली, वर पाठवली, आणि अर्धापूरच्या कामाला लागले. आधी लातूरला एक फोन करावा, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. नियमात फोन नव्हता.

दुपारी मोठ्या साहेबांनी, म्हणजे आमच्या संचालकांनी, बोलावलं. साहेब कमी बोलतात. त्यांनी एकच विचारलं, "प्रयोगशाळेतला माणूस संगणकावर बसलाच नाही, तर मोजतंय कोण?" त्यांची शंका चुकीची नव्हती. मालाचे ट्रक वेळेवर सोडायची घाई डिस्पॅचला असते. आकडे तिथंच बसून मनानं टाकले जात असतील, तर लाखभर एकर रान उगवणार की नाही, याचा भरवसा उरत नाही. त्याच दिवशी लातूरचे सगळे लॉट थांबले. प्रयोगशाळेची किल्ली प्लांट मॅनेजरनं ताब्यात घेतली. काका आणि डिस्पॅचची संगीता, दोघांनाही काढून टाकण्याची पत्रं तयार करायला सांगितली गेली आणि चौकशीला मला पाठवलं.

संगीता चाळिशीतली, कामाला वाघीण. मी खुर्चीवर टेकायच्या आधी तिनं सगळं कबूल केलं. आकडे ती भरत होती, नऊ वर्षांपासून. आधी जुन्या संगणकावर, मग डबीवर. काकांच्या साध्या फोनवर डेस्कटॉप उघडायचा आकडा आला की ते प्रयोगशाळेच्या दारातून अंगणापलीकडे ओरडून सांगत आणि ती तो टाकत असे. सगळ्या प्लांटला तो आकडा ऐकू जाई. माझ्या सुरक्षिततेच्या व्यवस्थेची ही गत.

"पण मॅडम, उगवणीचा आकडा काकाचाच असतोय. त्यांनी चिठ्ठीवर लिहिलेला जसाच्या तसा. एक घर बी इकडंतिकडं न्हाई."

मग तिनं दुसरी अर्धी गोष्ट सांगितली. लॉटमधून नमुना काढायचं काम कागदावर तिचं होतं. प्लांटच्याच गोदामात जाऊन पोत्यापोत्यात टोकदार नळी खुपसायची आणि दाणे काढायचे. तिला दम्याचा त्रास. पहिल्याच वर्षी ती गोदामात धुळीनं बेजार होऊन खाली बसली, तेव्हा काकांनी नळी तिच्या हातातून घेतली ती घेतलीच. त्यांना संगणक जमत नव्हता, तिला धूळ. दोघांनी कामं बदलून घेतली. प्लांटमधल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. आमच्याकडं कामाच्या ठिकाणी एकमेकांना असं सांभाळून घेतात आणि त्याची वाच्यता करत नाहीत. वाच्यता केली तर ते उपकार होतात.

काका प्रयोगशाळेच्या बंद दारासमोरच्या बाकावर बसले होते. रुमाल मांडीवर घडी करून ठेवलेला. मी शेजारी बसले आणि विचारलं, "काका, ट्रेनिंगला तुम्ही होतात ना?"

"होतो की. मागं बसलतो."

"मग कळलं नाही, असं का नाही सांगितलं?"

"तुम्ही इचारलंच न्हाई मॅडम. तुम्ही म्हणलाव, झालं का सगळ्यांचं? समदे म्हणले, झालं. मग माझंबी झालं."

मला तो क्षण लख्ख आठवला. माझ्या हातात पेन होतं, नजर घड्याळावर होती, आणि मी एका दमात वरपासून खालपर्यंत एकोणतीस खुणा केल्या होत्या.

"एकटं येऊन सांगायचं होतं."

"काय सांगू? नातवाएवढी पोरं बसलती पुढं. या वयात हात वर करायचा, मला येईना म्हणून?" रुमालाची घडी मोडून पुन्हा घालत ते म्हणाले, "माझं जाऊ द्या. दोन वर्सं राहिलीत. त्या लेकराला घालवू नका. तिनं माझं वझं उचललंय."

संगीतानंही मला हेच सांगितलं होतं. फक्त तिनं काकांसाठी सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी नांदेडला साहेबांसमोर चौकशीचा कागद ठेवला. त्यांनी वाचला. त्यांच्या टेबलावर दोन्ही पत्रं तयार होती. काकांच्या पत्रात लिहिलं होतं की रीतसर प्रशिक्षण घेऊनही त्यांनी स्वतःचा डेस्कटॉप वापरला नाही, सबब त्यांचा हेतू शुद्ध नव्हता. पुरावा म्हणून माझी यादी जोडली होती. सतराव्या नावाभोवती कुणीतरी गोल केला होता. माझी खूण त्यात ठळक दिसत होती. माझ्या खुणा नेहमीच ठळक असतात.

मी एवढी वर्षं याद्या केल्या. माझ्या यादीवर कुणी शंका घेतलेली मला आठवत नाही. त्या दिवशी मी गप्प राहिले असते तरी कुणाला कळलं नसतं. हे लिहायला हरकत नाही की गप्प राहण्याचा विचार माझ्या मनात आला, आणि तो बराच वेळ राहिला. साहेब पत्रावर सही करायला पेनाचं टोपण काढेपर्यंत राहिला.

"साहेब, ही खूण खोटी आहे," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"काकांना शिकवलं गेलेलं नाही. मी विचारलं नाही, खूण केली. गाडी गाठायची होती."

साहेबांनी टोपण परत लावलं. "अशा किती खुणा आहेत?"

मी दहा मिनिटं मागितली. यादी आणि सोमवारच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या, आणि कुणाचा डेस्कटॉप कायम दुसऱ्याच्या डबीवरून उघडतो ते बघत गेले. हे मी आधीही करू शकले असते. सात नावं निघाली. त्यात एक प्लांट मॅनेजरांचंही होतं.

"सात," मी सांगितलं.

"मग पत्र सात जणांना द्यायचं की एकाला?" साहेबांनी विचारलं.

ते पत्र मला मिळालं. लेखी समज, सेवापुस्तकात नोंद. माझ्या सेवापुस्तकातली ती एकुलती एक. मी ती फायलीत तारखेच्या क्रमानं लावून ठेवली आहे.

पण त्यानं काका आणि संगीता सुटले नाहीत. प्रशिक्षणाचा मुद्दा गेला, आकडे खरे की खोटे हा मुद्दा राहिलाच. त्याला एकच उपाय होता. प्रत्येक लॉटच्या नमुन्याचा थोडा भाग सीलबंद करून कपाटात ठेवलेला असतो. साहेबांनी त्यातली बारा पाकिटं स्वतः निवडली आणि ती नांदेडच्या प्रयोगशाळेत नव्यानं लावली. कोंब यायला आठ दिवस लागतात. त्यात कुठल्याही यंत्राला घाई करता येत नाही.

ते आठ दिवस काका रोज वेळेवर प्लांटवर आले, हजेरीवर सही करून बंद दारासमोर बाकावर बसले आणि वेळेवर घरी गेले. खाडा नको, एवढंच त्यांचं म्हणणं. संगीता टेबलावर होती, पण पाठवायला माल नव्हता. मी रोज फोन करत होते आणि फोनवर विचारण्यासारखं काही नव्हतं. तिकडे काय चाललंय म्हणून मी विचारलं की संगीता म्हणायची, "काय चालायचंय मॅडम. बसून राहिलोत."

नवव्या दिवशी सकाळी बारा आकडे आले. काकांच्या आकड्यांशी ताडले. दहा लॉटमध्ये फरक एक-दोन कोंबांचा, दोनमध्ये तीनचा. एकाच माणसानं एकच लॉट दोनदा लावला तरी एवढा फरक पडतो. साहेबांनी दोन्ही पत्रं फाडली नाहीत, तशी त्यांची सवय नाही. फायलीत घातली आणि वर 'रद्द' लिहिलं.

मी त्या आनंदात एक प्रस्ताव मांडला. दोघांची अदलाबदल अधिकृत करून टाकावी, काकांनी नमुना काढावा आणि मोजावं, संगीतानं भरावं. साहेबांनी नाही म्हटलं, आणि ते बरोबर होतं. नमुना काढणारा आणि मोजणारा एकच असेल तर तो चांगले दाणे निवडून घेऊ शकतो. काका तसं करणार नाहीत, पण नियम काकांसाठी नसतो, काकांच्या नंतर येणाऱ्यासाठी असतो. नमुना काढायचं काम गोदामाच्या मुकादमाला शिकवायचं ठरलं. संगीताच्या पदाला मात्र गोदामाची जबाबदारी चिकटलेलीच होती. ती काढायची तर तिला लातूर सोडावं लागणार होतं.

ती मुरुडच्या कार्यालयात गेली. तिथं गोदाम नाही, धूळ नाही. डिस्पॅचचे कागद कुठूनही करता येतात, ही तर आमच्या नव्या व्यवस्थेची शान. पहिल्या दिवशी मी तिच्यासोबत गेले. तिनं तिथल्या डबीवर आपलं नाव टाकलं आणि लातूरला शनिवारी अर्धवट सोडलेलं काम जसंच्या तसं समोर उघडलं. अगदी शब्द जिथं थांबला होता तिथं. मी जरा अभिमानानं तिच्याकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघत म्हणाली, "सगळं जिथल्या तिथं हाय मॅडम. निस्ते काका न्हाईत."

रोज लातूर-मुरुड एसटीनं ये-जा करायची म्हणजे तिचे दोन तास गेले. दमा कमी झाला. कुठलं जास्त, हे मी तिला विचारलेलं नाही.

बाकीच्या सहा जणांना मी एकेकटं बसवून शिकवलं. प्लांट मॅनेजरांना दार लावून. काकांसाठी चार दिवस लातूरला मुक्काम ठेवला. मी बनवलेली रंगीत चित्रांची पुस्तिका त्यांनी बाजूला सारली. त्यांनी उगवणीचा एक कोरा कागद घेतला, पडद्यावर दिसतं ते पेन्सिलीनं त्यावर काढलं, आणि कुठल्या चौकोनानंतर कुठला, ते आकडे घालून लिहिलं. यादीच होती ती. माउस त्यांच्या हातात पळायचा, तेव्हा म्हणाले, "मागं उभ्या राहू नका मॅडम, शेजारी बसा. मागं माणूस असलं की हे आणखीच पळतंय." मी शेजारी बसले. आयुष्यात एवढ्या लोकांना शिकवलं, पण उभ्यानंच शिकवलं होतं, हे तेव्हा लक्षात आलं.

चौथ्या दिवशी एका लॉटचा आठवा दिवस होता. काकांनी चारही गुंडाळ्या उलगडल्या. सहासष्ट, एकोणसत्तर, अडुसष्ट, एकोणसत्तर. त्यांनी पुन्हा मोजलं, तेच आलं. सरासरी अडुसष्ट. तोवर बातमी बाहेर गेली होती. दोन ट्रक फाटकाशी लागलेले आणि पेरणीचे दिवस तोंडावर. प्लांट मॅनेजर दारात येऊन उभे राहिले. आवाज चढवला नाही, समजावणीच्या सुरात म्हणाले, "दोनाचाच तर सवाल हाय काका. आणखी एकदा मोजून बघा की."

"दोन डाव मोजलंय, साहेब," काका म्हणाले.

ते डबीसमोर बसले. फोनवर आकडा आला. फोन हातभर लांब धरून त्यांनी तो वाचला, ओठातल्या ओठात, आणि एका बोटानं टाकला. डेस्कटॉप उघडला. शेजारच्या पेन्सिलीच्या कागदावर बोट ठेवत ते एकेक चौकोन पुढे गेले आणि शेवटच्या चौकोनात अडुसष्ट लिहिलं. पडद्यावर लाल पट्टी आली, लॉट नापास होतोय, नोंद कायम करायची का?

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीत बघायला लागले.

कळ दाबल्याचा आवाज आला. मॅनेजर दारातून निघून गेले, बाहेर कुणाला तरी ट्रक मागे घ्यायला सांगत. काकांनी ओले कागद गोळा केले, हात पुसले, आणि पुढच्या लॉटचे दाणे मोजायला घेतले.